गरोदरपणातील धोक्याची लक्षणे : जुनी यादी, चालू वाद

गरोदरपणात शरीर इतके बदलते की एरवी आजार वाटावा असा जवळजवळ कोणताही अनुभव त्या काळात स्वाभाविक म्हणून खपून जातो. अंगातले रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, हृदय जलद चालते, जिना चढताना दम लागतो, संध्याकाळी पावले सुजतात, पहिले तीन महिने मळमळ आणि शेवटचे तीन महिने अपुरी झोप. या नेहमीच्या तक्रारींच्या गर्दीतच कधी हृदयाच्या झडपेचा जुना आजार, कधी चढलेला रक्तदाब, कधी पायाच्या शिरेत धरलेली रक्ताची गुठळी लपलेली असते. बहुतेक लक्षणे निरुपद्रवी स्थितीतही दिसतात आणि बरेचसे गंभीर आजार सुरुवातीला सौम्य भासतात. धोक्याच्या लक्षणांविषयीची सगळी चर्चा या पेचाभोवती फिरते.

कोणती लक्षणे दिसली की थांबू नये, यावर वैद्यकात फारसा मतभेद नाही. अंगावरून रक्त जाणे, थांबत नसलेली डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, आकडी, चेहरा व हात अचानक सुजणे, पाणमोट वेळेआधी फुटणे, ताप, पोटात तीव्र किंवा सततची कळ, धाप, बाळाची हालचाल मंदावणे ही नावे जगभरच्या पत्रकांवर थोड्याफार फरकाने तीच असतात. मतभेद आहेत ते या लक्षणांकडून किती अपेक्षा ठेवायची, ती कुणाला कधी सांगायची आणि सांगितल्याने नेमके काय साधते, यांवर.

यादी कशी घडली

लक्षण दिसण्याआधीच गरोदर स्त्रीला वैद्यकीय देखरेखीखाली आणावे ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीची. एडिंबरोचे जॉन बॅलंटाइन यांनी १९०१ मध्ये प्रसूतीपूर्व उपचारांसाठी वेगळ्या रुग्णालयाची मागणी केली. १९२९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने तपासण्यांचे वेळापत्रक ठरवले : सोळाव्या, चोविसाव्या व अठ्ठाविसाव्या आठवड्यात, मग छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्याला आणि त्यानंतर दर आठवड्याला. या आकड्यांमागे प्रयोग नव्हता, अनुभव आणि सोय होती. तरीही पुढची सत्तर वर्षे हेच वेळापत्रक भारतासह निम्म्या जगात चालले.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने जोखीम वर्गीकरणाचा पुरस्कार केला. उंची कमी, वय फार कमी वा जास्त, आधीचे सिझेरियन, चौथे-पाचवे बाळंतपण अशा निकषांवर स्त्रियांची विभागणी करायची आणि जोखमीच्या गटाकडे अधिक लक्ष द्यायचे. मर्यादित साधनांच्या देशांना ही रीत परवडणारी वाटली. तिला धक्का बसला तो झाईरमधील कासोंगो प्रकल्पाच्या निष्कर्षांनी. तिथे प्रसूती अडलेल्या दर दहापैकी सात स्त्रिया आधी जोखमीच्या यादीत नव्हत्या आणि यादीतल्या दहापैकी नऊ जणींची प्रसूती अडली नाही. जी स्त्री कमी जोखमीची ठरते तिला खोटा दिलासा मिळतो, आणि संख्येने अशाच स्त्रिया जास्त असल्याने गुंतागुंतींचा मोठा वाटाही त्यांच्याच पदरी पडतो.

१९८५ मध्ये ॲलन रोझेनफिल्ड आणि डेबोरा मेन यांनी ‘लॅन्सेट’मधील लेखात माता-बाल आरोग्याच्या कार्यक्रमांत मातेलाच जागा उरली नसल्याचे दाखवून दिले. १९८७ च्या नैरोबी परिषदेतून सुरक्षित मातृत्वाची मोहीम सुरू झाली. तिचा सूर वेगळा होता : गुंतागुंत कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक गरोदर स्त्री संभाव्य जोखमीची मानावी आणि प्रत्येकीला तातडीच्या उपचारांपर्यंत पोचता यावे. धोक्याच्या लक्षणांचे महत्त्व इथे बदलले. कुणाला होईल हे ठाऊक नसेल, तर सुरू झाल्याबरोबर ओळखणे हाच मार्ग उरतो.

तपासण्यांची संख्या मात्र हेलकावे खात राहिली. चार देशांत झालेल्या मोठ्या चाचणीच्या आधारावर २००२ मध्ये चार भेटी पुरेशा मानल्या गेल्या. पुढे त्याच चाचणीच्या फेरविश्लेषणात कमी भेटींच्या गटात गर्भमृत्यू काहीसे अधिक दिसले, आणि २०१६ च्या शिफारशीत किमान आठ भेटी आल्या.

रक्तस्राव

गरोदरपणात रक्त दिसले की दाखवायचेच, या नियमाला अपवाद नाही. अर्थ मात्र महिन्यागणिक बदलतो. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे चारपैकी एका गरोदरपणात थोडाफार रक्तस्राव होतो आणि त्यांतली बरीचशी गरोदरपणे पुढे व्यवस्थित पार पडतात. धोका आहे तो गर्भ नलिकेत रुजला असेल तर. शंभरात एक-दोन गरोदरपणांत असे होते. पोटाच्या एका बाजूला दुखणे, चक्कर आणि कधी खांद्याच्या टोकाला येणारी कळ ही त्याची खूण. नळी फुटून पोटात रक्त साचले की ते श्वासपटलाला चाळवते आणि दुखते खांद्यात. बाहेर रक्त जेमतेम दिसते.

इथे यादीची एक अंगभूत उणीव उघड होते. नलिकेतील गर्भाचा धोका साधारण सहाव्या ते दहाव्या आठवड्यात असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशात पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झालेल्या गरोदर स्त्रिया सुमारे ७० टक्के. उरलेल्यांच्या हाती कार्ड आणि त्यावरची यादी पडते तेव्हा हा काळ उलटून गेलेला असतो. ज्यांची नोंदणी वेळेत होते त्यांच्याही बाबतीत पहिल्या भेटीचा वेळ रक्त-लघवी तपासणीत, गोळ्यांत आणि फॉर्म भरण्यात जातो.

उत्तरार्धातल्या रक्तस्रावाची दोन मुख्य कारणे परस्परविरोधी रूपांत येतात. वार गर्भाशयाच्या तोंडाशी रुजलेली असेल तर रक्त लालभडक असते आणि दुखत नाही. दुखत नाही म्हणून घरात त्याचे गांभीर्य वाटत नाही, हीच गोम. वार वेळेआधी सुटली तर पोट दगडासारखे कडक होते, सतत दुखते आणि रक्त आत अडकून राहिल्याने बाहेर दिसणाऱ्या प्रमाणावरून अंदाज चुकतो. पहिल्या प्रकारात सोनोग्राफीने आधी सूचना मिळू शकते, दुसऱ्यात सहसा नाही. वाढत्या सिझेरियनमुळे पहिल्या प्रकाराला नवी बाजू जोडली गेली आहे. पाचव्या फेरीत देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के. जुन्या टाक्यांच्या व्रणावर वार रुजून आत घुसली तर प्रसूतीच्या वेळी प्रचंड रक्तस्राव होतो. म्हणून आधीचे सिझेरियन आणि खाली असलेली वार हे दोन्ही जिच्याबाबत आहे तिची प्रसूती रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच ठरवावी, यावर एकमत आहे.

रक्तदाब

लक्षण आणि मोजमाप यांचे नाते कुठे सर्वांत स्पष्ट दिसत असेल, तर ते गरोदरपणातील रक्तदाबात. विसाव्या आठवड्यानंतर वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला तर तो वाढलेला मानतात. १६० किंवा ११० च्या वर गेला तर घटका-दोन घटकांतही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून औषध तातडीने द्यावे लागते. डोकेदुखी, दिसण्यात फरक, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे ही लक्षणे वाढलेला रक्तदाब मेंदू, डोळे आणि यकृतापर्यंत पोचल्याची खूण असते. म्हणजे धोक्याचे म्हणून शिकवले जाणारे लक्षण आजाराच्या वाटेवर बऱ्यापैकी पुढचे असते. अनेकींना आकडी येईपर्यंत काहीच जाणवत नाही. रक्तदाबाच्या पट्ट्याला पर्याय नाही तो यामुळे.

या आजाराची व्याख्याही स्थिर राहिलेली नाही. एकेकाळी सूज, लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब ही त्रयी निदानाची अट होती. पाय सुजणे इतके सामान्य आहे की सूज निकषांतून वगळली गेली. २०१३ मध्ये अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने प्रथिनांची सक्तीही काढली. यकृत, मूत्रपिंड, रक्तबिंबिका किंवा मेंदूवर परिणाम दिसला तर लघवी स्वच्छ असूनही निदान करता येते. याचा व्यवहारातील अर्थ असा की लघवीची पट्टी कोरी आली म्हणून डोकेदुखी असलेल्या स्त्रीला निर्धास्तपणे घरी पाठवता येत नाही. तरीही अनेक ठिकाणी जुनीच त्रयी मनात धरून काम चालते.

उपचारांबाबत मात्र पुरावा भक्कम आहे. १९९५ च्या चाचणीने आकडी आलेल्या स्त्रियांत मॅग्नेशियम सल्फेट इतर औषधांपेक्षा सरस असल्याचे सिद्ध केले. २००२ मध्ये ३३ देशांतील दहा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत या स्वस्त क्षाराने आकडी येण्याचा धोका निम्म्याहून अधिक घटला. आधीच जोखीम असलेल्या स्त्रियांना कमी मात्रेची ॲस्पिरिन लवकर सुरू केल्यास दिवस भरण्यापूर्वी उद्भवणारा प्रकार कमी होतो, हे २०१७ च्या चाचणीने दाखवले. औषध माहीत आहे, स्वस्त आहे. तरी आकडीने मृत्यू होतात. प्रश्न ते इंजेक्शन आणि ती स्त्री वेळेत एका जागी येण्याचा आहे.

तोच प्रश्न सोडवण्याचा मोठा प्रयत्न मोझांबिक, पाकिस्तान आणि भारतात झाला. भारतातील भाग बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत होता. आशा कार्यकर्त्या आणि परिचारिकांनी घरोघरी जाऊन रक्तदाब मोजला, मोबाइलवरील ॲपने जोखीम ठरवली, गरज भासल्यास गोळी किंवा मॅग्नेशियमचे इंजेक्शन देऊन पुढे पाठवले. २०२० मध्ये निष्कर्ष आले : मृत्यू व गंभीर आजार यांच्या एकत्रित प्रमाणात फरक पडला नाही. ज्या स्त्रियांशी आठ किंवा अधिक वेळा संपर्क झाला त्यांचे परिणाम चांगले दिसले, पण अशा स्त्रिया मुळातच वेगळ्या असू शकतात, त्यामुळे हा दुवा कार्यकारणाचा मानणे धाडसाचे ठरेल. काही अभ्यासकांनी यातून गावपातळीवरील रक्तदाब तपासणीचा फोलपणा काढला. इतरांच्या मते दोष रुग्णालयाच्या दर्जात होता, स्त्रिया पोचल्या पण तिथे पुरेसे मिळाले नाही. चाचणीच्या आकड्यांतून या दोन वाचनांपैकी एक खोडता येत नाही.

पाणी, ताप, श्वास, खाज

उरलेल्या लक्षणांपैकी काहींवर वाद जवळजवळ नाही. दिवस भरण्याआधी पाणी गेले तर जंतुसंसर्गाचा धोका तासागणिक वाढतो. ते पांढरे जाणे आहे की लघवी की गर्भजल, हे घरी ठरवणे कठीण असते आणि ठरवण्याची गरजही नसते. ताप मलेरियाचा, मूत्रमार्गाचा किंवा गर्भाशयातील संसर्गाचा असू शकतो. काविळीचे मात्र वेगळे सांगायला हवे. दूषित पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस ई एरवी आपोआप बरा होतो. शेवटच्या तिमाहीत मात्र भारतीय रुग्णालयांच्या अहवालांत पाचांत एकीपर्यंत मृत्यू नोंदले गेले आहेत. डोळे पिवळे दिसल्यावर गावठी औषध बांधून किंवा नाकात टाकून आठवडा घालवण्याची रीत अजून सर्रास आहे. पाश्चात्त्य पत्रकांत हे लक्षण ठळक नसते, आणि तीच पत्रके भाषांतरित करून वापरली की इथला एक मोठा धोका गाळला जातो.

धापेचेही असेच. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली असलेली स्त्री, किंवा लहानपणी सांधेतापाने झडप आखडलेली स्त्री, वाढलेल्या रक्ताचा भार आल्यावर सहाव्या-सातव्या महिन्यात प्रथमच दमू लागते. चालताना लागणारा दम बहुधा स्वाभाविक. आडवे झाल्यावर गुदमरणे, रात्री उठून बसावे लागणे किंवा छातीत धडधड हे स्वाभाविक नाही. पाचव्या फेरीनुसार देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आहेत. लक्षण निम्म्या जणींत असेल तर ते लक्षण म्हणून डोळ्यांत भरत नाही.

तळहात-तळव्यांची रात्री वाढणारी खाज, पुरळ नसलेली, हे यादीत अलीकडे आलेले लक्षण. ती यकृतातून पित्त नीट न वाहण्याची खूण असू शकते. २०१९ मधील मोठ्या संकलनात रक्तातील पित्ताम्लांचे प्रमाण १०० मायक्रोमोलच्या वर गेले तरच मृतजन्माचा धोका ठळकपणे वाढतो असे दिसले. त्याच वर्षी नेहमी दिल्या जाणाऱ्या अर्सोडिऑक्सीकोलिक आम्लाने बाळाच्या परिणामांत फरक पडत नसल्याचे एका चाचणीने दाखवले. म्हणजे लक्षणाचे महत्त्व कायम, पण प्रत्येक खाजेवर लवकर प्रसूती करण्याचा आधार कमकुवत झाला.

बाळाची हालचाल

सर्वांत गुंतागुंतीचा वाद या लक्षणावर आहे. पहिलटकरणीला अठराव्या-विसाव्या आठवड्याच्या सुमारास हालचाल कळू लागते, आधी बाळंतपण झालेलीला थोडी लवकर. ज्या आयांची बाळे पोटातच दगावली त्यांपैकी अनेकींना आधी हालचाल मंदावल्याचे जाणवले होते, हे वारंवार नोंदले गेले आहे. दिवस भरत आले की जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलते, ही समजूत चुकीची आहे यावरही तज्ज्ञांत एकवाक्यता आहे. हालचालीचा प्रकार बदलतो, ती थांबत नाही.

तर मग रोज मोजावे का? १९७० च्या दशकात कार्डिफमध्ये बारा तासांत दहा हालचाली मोजण्याची पद्धत निघाली आणि ती भारतीय दवाखान्यांतही रुजली. १९८९ मध्ये ६८,००० स्त्रियांच्या चाचणीत नियमित मोजणीने मृतजन्म घटले नाहीत. टीकाकारांचे म्हणणे असे, की हालचाल कमी झाल्याचे सांगत आलेल्या स्त्रियांना रुग्णालयांनी नीट हाताळले नाही आणि दोन्ही गटांत हालचालींबद्दलची जागरूकता वाढलेलीच होती. नॉर्वेत हालचालींविषयी माहिती व रुग्णालयांत समान कार्यपद्धती दिल्यानंतर मृतजन्म घटल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, पण तो आधी-नंतरची तुलना करणारा अभ्यास होता. त्या धर्तीवर ब्रिटन-आयर्लंडच्या ३३ रुग्णालयांत चार लाखांवर गरोदरपणांची चाचणी झाली. २०१८ मध्ये निष्कर्ष आला. मृतजन्म हजारी ४.४० वरून ४.०६ झाले, हा फरक योगायोगाचाही असू शकतो, आणि कळा आणवण्याचे व सिझेरियनचे प्रमाण मात्र वाढले.

आजची बहुतेक मार्गदर्शक तत्त्वे त्यामुळे ठरावीक आकड्याऐवजी त्या बाळाच्या नेहमीच्या रीतीवर भर देतात : नेहमीपेक्षा कमी वाटले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, गोड खाऊन किंवा थंड पाणी पिऊन परीक्षा घेत बसायचे नाही. आकड्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो टाकाऊ नाही. ‘कमी वाटतंय’ एवढ्या शब्दांवर सासरच्या माणसांकडून रात्री गाडी काढवून घेणे ज्या स्त्रीला अवघड जाते, तिला ‘सकाळपासून चारच झाल्या’ हे वाक्य उपयोगी पडते. घरी ठोके ऐकण्याच्या यंत्राबद्दल मात्र तज्ज्ञ सावध आहेत. अप्रशिक्षित कानाला आईची नाडी बाळाची वाटू शकते, आणि ठोका ऐकू आला म्हणजे बाळ सुखरूप आहे असे नसते.

सांगितल्याने काय साधते

१९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी मातामृत्यूंमागचे तीन विलंब मांडले : जायचे ठरवण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. लक्षणांचे शिक्षण पहिल्या विलंबावर काम करते. उरलेल्या दोहोंवर ते काही करू शकत नाही. या मांडणीवरून दोन भूमिका पुढे आल्या.

पहिली भूमिका माहितीला प्राधान्य देते. लक्षणे ओळखणे, गाडी, पैसे आणि रक्तदाता आधी ठरवून ठेवणे या प्रसूतीपूर्व तयारीची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात महिला गटांच्या बैठकांतून नवजात मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे २००४ मध्ये दिसले. झारखंड-ओडिशात २०१० मध्ये तसेच निष्कर्ष आले. या बैठकांत याद्या पाठ करून घेतल्या नव्हत्या, बायकांनी आपल्याच गावातली उदाहरणे घेऊन काय करता आले असते याची चर्चा केली होती. दुसरी भूमिका व्यवस्थेवर बोट ठेवते. मुंबईच्या वस्त्यांत याच धर्तीवर झालेल्या चाचणीत २०१२ मध्ये ठळक परिणाम दिसला नाही. शहरात दवाखाने जवळ होते आणि बहुतेक प्रसूती आधीच रुग्णालयात होत होत्या. तिथे अडसर वेगळा होता.

अमेरिकेतून तिसरा सूर आला. तिथे २०२० पासून रोग नियंत्रण केंद्राची मोहीम स्त्रीबरोबरच ऐकणाऱ्यालाही उद्देशून आहे : ती काही सांगत असेल तर ऐका. कृष्णवर्णीय स्त्रियांचा मातामृत्यूदर गोऱ्या स्त्रियांच्या अडीच-तीन पट आहे, आणि शिक्षण किंवा पैशाने ही दरी भरून निघत नाही. लक्षण ओळखूनही, वेळेत पोचूनही, ‘काही नाही, असं होतंच’ हे उत्तर मिळते, हा तिसऱ्या विलंबातला फारसा न मोजला गेलेला भाग आहे. भारतात त्यावर लिखाण तुरळक आहे. पण सरकारी प्रसूतिगृहातला दरडावण्याचा सूर सोसलेली बाई पुढच्या वेळी दुखणे अंगावर काढते, हे कोणत्याही आशाताईला विचारल्यास कळते.

महाराष्ट्रातील चित्र

राज्याचा मातामृत्यूदर २००४-०६ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे १३० होता, २०१८-२० मध्ये ३३ झाला; त्याच काळात देशाचा २५४ वरून ९७ झाला. तेव्हा केरळनंतर महाराष्ट्राचेच नाव येत होते. ९४.७ टक्के प्रसूती रुग्णालयात होतात. २००५ ची जननी सुरक्षा योजना, २०११ पासून मोफत प्रसूती व वाहतूक, २०१४ पासून १०८ ची गाडी, २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेची तपासणी अशी साखळी उभी आहे. कशाचा वाटा किती, हे वेगळे काढता आलेले नाही.

राज्याची सरासरी मात्र मेळघाट, नंदुरबार आणि गडचिरोलीचे चित्र झाकते. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या गावांत १९९५-९६ मध्ये ७७२ स्त्रियांची घरातच प्रत्यक्ष पाहणी केली. प्रसूतीच्या वेळी किंवा नंतर काही ना काही आजार ५२.६ टक्के स्त्रियांना झाला, १५.३ टक्के स्त्रियांना तातडीच्या उपचारांची गरज असू शकत होती. रुग्णालयाच्या नोंदींवरून हे चित्र कधीच दिसले नसते, कारण यांतल्या बहुतेकजणी रुग्णालयात गेल्याच नव्हत्या. या अभ्यासाचा एक निष्कर्ष सहसा मागे पडतो : प्रसूतीवेळच्या आजारांचे प्रमाण १७.७ टक्के, तर नंतरच्यांचे ४२.९ टक्के होते.

दुर्गम भागात लक्षण ओळखल्यानंतरचा रस्ता पावसाळ्यात नाल्याने अडतो. दिवस भरण्याआधी गरोदर स्त्रीला प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ मुक्कामी ठेवणारी ‘माहेरघर’ ही राज्याची सोय त्यावरचे उत्तर आहे. घरची गुरे, लहान मुले आणि मजुरी सोडून आठवडाभर आधी येणे किती जणींना जमते, यावर तिचे यश ठरते. वाट अडण्याचा दुसरा प्रकार सपाट मुलखातही असतो : ग्रामीण रुग्णालय उपजिल्ह्याकडे, उपजिल्हा जिल्ह्याकडे, जिल्हा वैद्यकीय महाविद्यालयाकडे ‘पुढे पाठवतो’, आणि भूल देणारा डॉक्टर किंवा रक्ताची पिशवी कुठे आहे हे कुणालाच आधी ठाऊक नसते.

मराठी घरांतली एक रीत सरकारी आराखड्यांत कधीच नीट बसलेली नाही. पहिल्या बाळंतपणाला सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी येते. रक्तदाबाचा धोका वाढण्याचाच हा काळ. नेमके तेव्हा तिची परिचारिका, आशा, डॉक्टर आणि कित्येकदा जिल्हाही बदलतो. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आले तर आधीचे आकडे कळतात, नाहीतर १३० वरचा दाब तिचा नेहमीचा की चढलेला, हे नव्या ठिकाणी कुणी सांगू शकत नाही. दुसरीकडे माहेरी तिच्या तक्रारीला किंमत असते आणि बोलायला आई असते. हा बदल एकंदरीत धोका वाढवतो की कमी करतो, यावर पुरेसा अभ्यास झालेला नाही.

अनिर्णित

उंबरठा किती खाली ठेवायचा, हा पहिला मोकळा प्रश्न. यादी लांबवली की खोट्या हाका वाढतात, रुग्णालयांवर भार येतो आणि हालचालींवरच्या ब्रिटन-आयर्लंडच्या चाचणीत दिसले तशी सिझेरियन वाढतात. यादी आखडली की एखादी स्त्री सुटते. श्रीमंत देशांत आणि जिथे गाडी यायला दोन तास लागतात तिथे हा उंबरठा एकच असावा का, यावरही सहमती नाही. वारेने स्रवलेल्या प्रथिनांच्या रक्ततपासणीने गंभीर रक्तदाबविकार आधी ओळखता येतो आणि ब्रिटनमध्ये ती वापरात आहे. इथे खर्चामुळे ती मोठ्या रुग्णालयांपुरती राहिली आहे.

मोबाइलवरून दर आठवड्याला लक्षणे सांगणाऱ्या सेवा, मुंबईत सुरू झालेली ‘एममित्र’ आणि केंद्र सरकारची ‘किलकारी’, लाखो स्त्रियांपर्यंत पोचल्या आहेत. त्यांनी माहिती वाढते, पण फोन बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो. माहिती वाढल्याने मृत्यू किती टळतात हे मोजण्याइतकी मोठी चाचणी कठीण आहे, कारण मृत्यू सुदैवाने विरळ झाले आहेत. जिथे ते विरळ नाहीत तिथे नेटवर्कही नसते.

मनाचे आजार यादीत उशिरा आले. पारंपरिक पत्रकांत त्यांना जागा नव्हती. आता झोप उडणे, सतत रडू येणे, जीव नकोसा वाटणे, बाळाला इजा करण्याचे विचार यांची नोंद केली जाते. शारीरिक लक्षणासाठी जशी इंजेक्शने आणि रक्तपेढी, तसे यासाठी तालुक्याच्या गावी काय आहे, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी अनुत्तरित आहे. ब्रिटनमधील गोपनीय चौकशी अहवालांत प्रसूतीनंतर सहा आठवडे ते एक वर्ष या काळातील मातांच्या मृत्यूंत आत्महत्या हे प्रमुख कारणांपैकी एक ठरले आहे. भारतातला मातामृत्यूदर प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांपर्यंतचेच मृत्यू मोजतो. त्यानंतर घडते ते या आकड्यांत येत नाही.